वहिनीच्या नावाची डबी

तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणूनच तुम्हाला हे लिहितोय. ओळखीच्या एकाही माणसापुढे हे माझ्या तोंडातून निघालेलं नाही — बायकोपुढे नाही, दादापुढे नाही. जोतिबाच्या डोंगरावर गेलो तेव्हा देवापुढेही नाही. तिथेही हात जोडून मी इकडचं तिकडचं मागत राहिलो. देवाला सगळं ठाऊकच असतं, मग सांगून काय उपयोग — असल्या पळवाटा मला चटकन सापडतात. त्या शोधण्यात मी पहिल्यापासून पटाईत आहे.

गोष्ट एका डबीची आहे. लॅबमध्ये देतात ती, प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची. तपासणीसाठी शौच द्यायची डबी. हसू येतंय? येऊ द्या. मीही त्या सकाळी हसलोच होतो.

पण आधी वहिनी सांगायला हवी. दादाचं लग्न झालं तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. आई माझं अंगावरचं दूध तोडायच्या आतच गेली होती. वहिनी आजऱ्याकडची, स्वतःच पोरसवदा, आणि उचगावात आमच्या घरात पाऊल टाकलं त्या दिवसापासून मी तिच्या कडेवर. माझा शेंबूड तिनं पुसला, माझं ढुंगण तिनं धुतलं. हे मुद्दाम याच शब्दांत लिहितो. तिनं ते करताना नाक मुरडल्याचं मला आठवत नाही. लोकांपुढे ती मला भावजी म्हणायची, घरात मात्र मिशा पिकल्या तरी तानू.

हाताला चव म्हणजे काय, ते गावानं तिच्याकडे बघून शिकावं. जत्रेला पातेल्यापाशी वहिनी नसेल तर लोक रस्सा वाटीत घेऊन आधी वास घ्यायचे. तिच्या हातच्या सुक्या मटणासाठी माझे तालमीतले दोस्त काहीबाही निमित्त काढून घरी यायचे. हे दोस्त पुढे येणार आहेत, लक्षात ठेवा.

तिला साखरेचा आजार होता. लेकीनं हातकणंगल्याहून येताना हौसेनं नवी चप्पल आणली, ती अंगठ्याला चावली. कोल्हापुरी चप्पल चावते त्यात नवल ते काय? पण साखरेच्या माणसाला चावली की जखम लवकर भरत नाही. आधी मेडिकलवाल्यानं गोळ्या दिल्या. मग डॉक्टरांनी दिल्या, मग त्याहून कडक, मग इंजेक्शनं. पाय वाचवायचा होता, म्हणून सगळे एका औषधावर दुसरं घालत गेले. जखम भरत आली, आणि वहिनीला जुलाब सुरू झाले.

साधे जुलाब नव्हेत. पाण्यासारखे, दिवसभर, पोटात मुरडा, मधूनच शेम आणि रक्त. त्याचा वास — तो वेगळाच होता, घरभर राहायचा. दादानं सुंठ दिली, ताक दिलं, डाळिंबाची साल उकळून पाजली. उपयोग शून्य. सुगरण बाई ती, चुलीपासून उठून भिंत धरून संडासात जायला लागली, आणि नंतर तेवढंही जमेना. माझी बायको आणि मी आळीपाळीनं कपडे बदलत होतो. मी श्वास रोखून बदलायचो, हे आता सांगायला काय हरकत आहे?

शनिवारी संध्याकाळी शहरातले पोटाचे एक डॉक्टर घरी येऊन तिला बघून गेले. शांत माणूस. त्यांनी विचारलं, शेत केलंय का कधी? दादानं मान हलवली. मग म्हणाले, लव्हाळा माहीत असेल. सगळ्या रानावर औषध मारलं की बाकीचं गवत जळतं, लव्हाळ्याचा गड्डा मात्र मातीत तसाच राहतो, आणि रान मोकळं बघून माजतो. माणसाच्या मोठ्या आतड्यात असंख्य जिवाणू असतात, त्यातले बहुतेक आपल्या उपयोगाचे. जखमेच्या औषधांनी ते मेले असावेत, आणि एक जात मागे उरून माजली असावी. ती विष सोडते, त्या विषानं आतडं आतून सोलवटतं. तसं असेल तर जखमेचं औषध थांबवून वेगळंच औषध तोंडानं द्यायचं, ते बरोबर त्या जातीवरच चालतं. माणूस बरा होतो, म्हणाले. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं — माणूस बरा होतो.

पण आधी तपासणी हवी. खात्री नसताना जखमेचं औषध बंद केलं आणि पाय सडला तर? म्हणून उद्या सकाळी ताजी डबी लॅबमध्ये पोचवा, बर्फात ठेवून, वाटेत वेळ काढू नका. आणि निघता निघता दारात वळून म्हणाले, तोवर जुलाब थांबवायची गोळी चुकूनसुद्धा देऊ नका. त्या विषाला बाहेर पडायची ती एकच वाट आहे, ती बंद झाली तर आतडं फुगून फाटेल.

हे सगळं मला समजलं होतं. समजलं नव्हतं असं म्हणायची सोयच नाही. मी एमआयडीसीतल्या फौंड्रीत तपासणीवर होतो. भट्टीतून धातू ओतला की त्यातलाच थोडा बाजूला घेऊन त्याचा तुकडा तपासायचा, हे माझं आयुष्यभराचं काम. तुकडा खोटा तर त्यावरून काढलेला सगळा निकाल खोटा. एका कामगारानं घाईत आदल्या दिवशीच्या चांगल्या ओतकामाचा तुकडा पुढे केला, तेव्हा मीच साहेबांपुढे उभा राहून त्याला घरी पाठवायला लावलं होतं. फार ताठ उभा होतो त्या दिवशी.

रविवारी सकाळी वहिनीनं डबी भरून दिली. त्यावर चिकटपट्टीवर तिचं नाव मीच लिहिलं होतं. कुणाला दिसू नये म्हणून तिनं ती जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली, बर्फाबरोबर स्टीलच्या जेवणाच्या डब्यात घातली, डबा पिशवीत. खाली बघत म्हणाली, "तानू, तुझ्या हातात ह्ये द्यायला लाज वाटती रं." मी म्हणालो, त्यात काय लाजायचं. स्कूटरच्या हुकाला पिशवी अडकवली आणि निघालो.

हायवेला लागायच्या आधी चहाची एक गाडी आहे. रविवारी मटणाच्या रांगेतून सुटलेली तालमीतली सगळी मंडळी तिथे जमते. आता आमच्या तालमीची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात प्रत्येकाला टोपणनाव असतं, आणि ते माणूस मेला तरी सुटत नाही. एकजण लहानपणी लग्नाच्या पंगतीत जिलेबीच्या ताटावर बसला. आज त्याला नातवंडं आहेत, पण त्याच्या मुलाच्या लग्नाला गाव निघालं ते जिलेबीच्या पोराचं लग्न म्हणून. एकदा हसू झालं की झालं. मला तोवर नाव पडलं नव्हतं, आणि त्याचा मला मोठा अभिमान होता.

जिलेबीनंच हाक मारली. मी थांबलो. का थांबलो? न थांबता गेलो असतो तर कुणी गोळी घालणार नव्हतं. पण थांबलो, एक पाय जमिनीवर टेकून, स्कूटर चालूच ठेवून. त्याची नजर पिशवीतल्या स्टीलच्या डब्यावर गेली. "वैनींच्या हातचं सुकं हाय व्हय रं? आणि एकटाच निघालायस?" म्हणत त्यानं पिशवी काढून घेतलीसुद्धा. बाकीचे भोवती जमले. कुणीतरी गाडीवरून पाव मागवले.

एक वाक्य पुरेसं होतं. वहिनी आजारी आहे, लॅबला चाललोय. ते काय राक्षस होते? ज्या बाईच्या हातचं खाल्लं तिच्यासाठी त्यांनी स्वतः मोटारसायकली काढल्या असत्या. पण त्याच्या बोटाखाली झाकणाची कडी होती, आणि मला दिसलं ते एवढंच — तो झाकण उघडणार, लुगड्याचा तुकडा सोडणार, आणि मग मला मरेपर्यंतचं नाव मिळणार. माझ्या डोक्यात वहिनी नव्हतीच. त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त मी होतो.

मी डबा हिसकावला. हसत. मोठ्यानं हसत. म्हणालो, "नासलंय ते. टाकायलाच चाललोय." "वैनींच्या हातचं आणि नासलंय?" असं कुणी तरी म्हणालं, आणि ते खरं वाटावं म्हणून मी गाडीच्या मागं गेलो, पाठ करून डबा उघडला आणि आतलं सगळं गटारात ओतलं. बर्फ, लुगड्याचा तुकडा, डबी. वहिनीचं नाव वर तरंगलं आणि पुढे गेलं. मग परत येऊन मी त्यांच्याबरोबर चहा घेतला.

घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. परत जाऊन दुसरी डबी भरून घ्यायला किती वेळ लागला असता? वहिनीला काय कमी होतं — ती तर दर थोड्या वेळानं बसतच होती. पण दादा दारात उभा असता. पहिलीचं काय झालं, असं त्यानं विचारलं असतं. थोरल्या भावापुढे मी तोवर मान वर करून खोटं बोललो नव्हतो, आणि खरं बोलायची तर छातीच नव्हती. म्हणून मी पुढे गेलो.

लॅबमध्ये खिडकीपाशी एक मुलगी होती. कामाला नवीन असावी, सगळं दोनदा विचारत होती. मी म्हणालो, डबी वाटेत फुटली, दुसरी द्या, पेशंट खाली रिक्षातच आहे. तिनं रिकामी डबी दिली, नाव विचारून त्यावर लिहिलं आणि संडासाचं दार दाखवलं. मागं रांग होती, ती पुढच्याकडे वळली. मी आत गेलो. आता हे लिहितोच — ती डबी मी भरली. पातळ दिसावी म्हणून नळाखाली धरून त्यात पाणी घातलं आणि काडीनं ढवळलं. मग बाहेर येऊन वहिनीच्या नावाची डबी तिच्या हातात दिली. हात साबणानं स्वच्छ धुतले होते.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. तो जिवाणू नाही, त्याचं विष नाही, सगळं ठीक. निरोगीच होतो मी, दुसरं काय निघणार?

डॉक्टर बुचकळ्यात पडले. पण हातातल्या कागदावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा? त्यांनी जखमेचं औषध चालू ठेवलं. जुलाब साखरेनं आतड्याच्या नसा बिघडल्यामुळे असतील म्हणाले. बाई सुकत चालली होती, म्हणून जुलाब थांबवायच्या गोळ्या लिहून दिल्या. त्याच गोळ्या. दारात वळून चुकूनसुद्धा देऊ नका म्हणाले होते, त्या.

मघापासून मी डबीभोवती फिरतोय ना? खरं सांगायचं तर डबी ही माझी सगळ्यात मोठी चूक नव्हे. डबीच्या वेळी मी गडबडलो होतो, घाबरलो होतो. गोळ्यांच्या वेळी मी घाबरलेला नव्हतो. डॉक्टर लिहीत होते, मी त्यांच्या खांद्याशी उभा होतो, आणि त्या खोलीत एकट्या मलाच ठाऊक होतं की त्यांच्या हातातला कागद खोटा आहे. तेव्हा तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? शिव्या बसल्या असत्या. दादानं कदाचित हात उचलला असता. बस्स. मी कागद घेतला, मेडिकलमध्ये गेलो, गोळ्या आणल्या. आणि पहिली गोळी तिच्या जिभेवर मीच ठेवली. दादाच्या हाताला कंप होता म्हणून.

जुलाब थांबले. घरात आनंद. वहिनी म्हणाली, बरं वाटतंय. दादानं अंबाबाईला नारळ फोडला. मीसुद्धा स्वतःची समजूत घातली — बघ, तपासणी काय आणि नाही काय, बाई बरी झालीच की. मग तिचं पोट चढायला लागलं. ताप आला. पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं, बोट लावू देईना. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा ती बरळत होती. मोठं आतडं फुगून सडायला आलं होतं, ते काढून टाकावं लागलं. सगळं. पोटाला भोक पाडून तिथे पिशवी लावली, शौच त्या पिशवीत. तिथे पुन्हा तपासणी झाली आणि तो जिवाणू मिळाला. अर्थात मिळाला.

दादा तडक लॅबमध्ये गेला. मी मागं. खिडकीपाशी तीच मुलगी होती, तिनं मला ओळखलं. दादाचा आवाज रस्त्यावर ऐकू जात होता. ती रडवेली होऊन म्हणाली, "ह्या काकांनीच सांगितलेलं की पेशंट खाली रिक्षात हायत." दादा आणखी भडकला. "रिक्षात? ती हातरुणावरनं उठत न्हवती, रिक्षात कुठली येतीया? म्हंजे दुसऱ्याचंच घातलंयस तू." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. लॅबचा मालक, रांगेतली माणसं, ती.

मी म्हणालो, "डबी मी घरातनंच आणलेली. हिचा कायतरी घोळ झालाय."

मालकानं आमच्यासमोरच तिला ओढणी उचलून घरी जायला सांगितलं. नंतर मी त्या बाजूला गेलो की पलीकडच्या रस्त्यानं जायचो. ती पुढे कुठे कामाला लागली, लागली की नाही — मला माहीत नाही. विचारलं असतं तर कळलं असतं.

वहिनीला हे घरी आल्यावर समजलं. उशाला टेकून ती दादाला म्हणाली, "त्या पोरीला शिव्या दिऊ नगासा. माणसाच्या हातनं चुकतंयच की." मी तेव्हा तिची पिशवी बदलत होतो.

हो, पिशवी मी बदलायचो. रोज. आता श्वास रोखायचो नाही. कातडी पुसायची, कोरडी करायची, नवी चिकटवायची, सगळं शिकून घेतलं. वहिनी जगली पुढे बरीच, पण चुलीपाशी परत आली नाही. माझ्या हाताला वास येतो म्हणायची. येत नव्हता. लग्नाला जाईना, हळदीकुंकवाला जाईना, जत्रेला दुसऱ्या बायका पातेल्यापाशी उभ्या राहिल्या आणि ती आतल्या खोलीत दार लोटून बसली. पिशवीचा आवाज होतो आणि लोक बघतात, एवढ्यासाठी. लोक हसतील या भीतीनं मी तिची डबी गटारात टाकली होती, आणि ती भीती मी तिच्या पोटाला कायमची बांधून दिली.

माणसं बघायला यायची. त्यांच्यापुढे ती माझा हात धरून सांगायची, "पोटच्या पोरानं केलं नसतं ते ह्यानं केलं. माझा लक्ष्मण हाय ह्यो." एकदा जिलेबी समोर बसला होता. त्यानं ते ऐकलं, डोळे पुसले आणि जाऊन तालमीत सांगितलं. आणि मला नाव पडलं. आता सगळं उचगाव मला लक्ष्मण म्हणतं. नवीन पोरांना माझं खरं नाव माहीतही नसेल.

वहिनीला जाऊन आता वर्ष होऊन गेलं. शेवटच्या दिवसांत एकदा खोलीत आम्ही दोघंच होतो. ती जागी होती, शुद्धीत होती, माझ्याकडेच बघत होती. मी तोंड उघडलं, आणि पाणी देऊ का विचारलं. तिनं मान हलवली, मी पाणी पाजलं.

दादा आहे अजून. त्याला मी हे सांगणार नाही, स्वतःला ओळखतो मी. त्या मुलीचं नाव मला ठाऊक होतं, तेही इथे लिहिलं नाही.

चहाची गाडी अजून तिथेच आहे. मागच्या गटारावर ग्रामपंचायतीनं फरश्या घातल्या, त्यावर आता खुर्च्या मांडतात. आज सकाळी स्कूटरवरून चाललो होतो, तर जिलेबीनं तिथूनच हाक मारली, "लक्ष्मणा, ये की." मी ओ दिली, गाडी लावली आणि त्या फरश्यांवर खुर्ची ओढून बसलो.